टिनाचा पट आणि लुटीचा ढीग



'फावल्या वेळेचा हिशेब' या सदरात आजवर पुस्तकं झाली, नाटकं झाली, इन्स्टंट पॉटमधलं पुरणसुद्धा झालं. व्हिडिओ गेम मात्र कधी आला नव्हता. आज येतोय, कारण गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: "आमच्याकडे पोरं 'लूटर-शूटर' मागताहेत. नाव ऐकूनच कसंतरी होतं. घेऊन द्यावा का?" तिघांना तीन उत्तरं लिहिण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. ज्यांना या विषयाचं वावडं आहे त्यांनी खुशाल पुढच्या पत्राकडे जावं, राग नाही. :-)

उदाहरण म्हणून मी 'टायनी टिनाज वंडरलँड्स' हा एकच गेम घेणार आहे. टेक्सासमधल्या गिअरबॉक्स कंपनीने तो बनवला, टूकेने मार्च २०२२ मध्ये बाजारात आणला. म्हणजे ताजा नाही. पण गेम जुना झाला की त्याच्याबद्दल नीट बोलता येतं. पहिल्या आठवड्यातला आरडाओरडा शमलेला असतो आणि किंमतही उतरलेली असते. शिवाय हा मी शेवटपर्यंत खेळलेय. एकटी नाही, भाच्याबरोबर. तो नाशिकचा, सध्या पुण्यात हॉस्टेलवर; मी इथे न्यू जर्सीत. उन्हाळ्यात आमचे सकाळचे नऊ म्हणजे त्याचे संध्याकाळचे साडेसहा. शनिवारी ही वेळ दोघांना जमते.

हे सांगायचं कारण असं की हॉस्टेलवर गेल्यापासून त्याचे फोन "हो, जेवलो", "हो, ठीक आहे", "आईला सांगतो" एवढ्यावर आले होते. माझ्या बहिणीची तीच तक्रार. समोरासमोर प्रश्न विचारले की एकोणीस वर्षांचा मुलगा मिटून घेतो. पण दोघं मिळून सांगाड्यांच्या मागे धावत असताना तोच मुलगा मध्येच आपणहून सांगतो, "मावशी, मला ही ब्रँच झेपत नाहीये." तेव्हा मी या गेमकडे नुसती करमणूक म्हणून बघत नाही. आमच्यासाठी ती भेटायची जागा होती. खालचं बरं-वाईट त्याच नजरेने लिहिलंय, हे लक्षात ठेवून वाचा.

(आगाऊ सूचना: पुढे गोष्टीचा शेवट थोडा फुटणार आहे.)

१. लूटर-शूटर म्हणजे नेमकं काय?

दोन जुन्या खेळप्रकारांचं हे लग्न आहे. एकीकडे बंदूक घेऊन आपल्याच डोळ्यांनी जग बघत फिरायचे गेम, १९९३ च्या 'डूम'सारखे. दुसरीकडे 'डायाब्लो'सारखे गेम, ज्यात राक्षस मेला की त्याच्या अंगातून तलवारी, चिलखतं, अंगठ्या सांडतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या. गिअरबॉक्सने २००९ मध्ये 'बॉर्डरलँड्स' काढून या दोघांची गाठ लोकप्रिय केली. मारा, सांडलेलं गोळा करा, हातातल्या बंदुकीशी ताडून बघा, बरी असेल ती ठेवा, बाकीची विका, पुढे चला. बस्स, एवढंच चक्र.

लुटीला रंग असतात: पांढरी साधी, मग हिरवी, निळी, जांभळी आणि सगळ्यांत वर नारिंगी. जमिनीतून नारिंगी प्रकाशाचा खांब उभा राहिलेला दिसला की पन्नाशीला टेकलेली बाईसुद्धा खुर्चीतून उठते, स्वानुभव आहे. यामागचं मानसशास्त्र जुनंच. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून, अंदाज न येता मिळाला, तर कबुतर जास्त चिकाटीने चोच मारत राहतं. कॅसिनोतलं यंत्र याच तत्त्वावर चालतं आणि लूटर-शूटरही. तेव्हा आईबापांना नाव ऐकून जे कसंतरी होतं, ते अगदीच अनाठायी नाही. फरक एवढाच की या गेममध्ये लुटीच्या सोडतीला खरे पैसे लागत नाहीत. ब्राइटहूफ या राजधानीत एक खास पेटी आहे, तिच्या किल्ल्यासुद्धा कंपनी फुकट वाटलेल्या कोडांमधून देते. पैसे टाकून पेटी उघडायची पद्धत असलेले गेम वेगळे; बेल्जियमने २०१८ मध्ये तसल्या पेट्यांना जुगार ठरवलं. घरी गेम घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: "सोडतीला पैसे लागतात का?"

२. पट मांडणारी मुलगी

आता या गेमचं वेगळेपण. 'बॉर्डरलँड्स'चं जग रखरखीत, भंगारातलं. त्यात टिना नावाची एक अतरंगी, स्फोटकांची शौकीन पोरगी आहे, २०१२ च्या दुसऱ्या भागात पहिल्यांदा आलेली. 'वंडरलँड्स'मध्ये ही टिना टेबलावर एक खेळ मांडते, 'बंकर्स अँड बॅडॅसेस'. खऱ्या आयुष्यात १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत घरोघरी खेळला जातो, त्याचं हे विडंबन. तुमच्यापैकी ज्यांची मुलं इथल्या शाळेत गेली, त्यांच्या घरात तो वीस बाजूंचा फासा सोफ्याखाली कधी ना कधी सापडला असेलच.

या प्रकारात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राचं काय करणार ते ठरवतात आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. आपल्याकडच्या माणसाला समजायला सोपं उदाहरण म्हणजे भातुकली. "समजा हा राजवाडा", "समजा तू मेलास", "नाही, माझ्याकडे जादूचं पाणी होतं!" हेच सगळं, फक्त नियमांच्या जाड पुस्तकासह.

तर आपण आहोत टिनाच्या पटावरची सोंगटी, आणि तिच्या कल्पनेतलं जग आपल्यासमोर उभं राहतं. टेबलावर आणखी दोघं: कॅप्टन व्हॅलेंटाइन हा बढाईखोर आणि फ्रेट ही नियमांवर बोट ठेवणारी रोबो. टिनाला आवाज अ‍ॅशली बर्चचा, व्हॅलेंटाइनला अँडी सॅम्बर्गचा, फ्रेटला वांडा साइक्सचा, आणि खलनायक ड्रॅगन लॉर्डला विल आर्नेटचा. हे तिघं-चौघं आपल्या डोक्यावरून सतत भांडत असतात. आपण पुलाजवळ पोचलो की टिनाला वाटतं, पूल नकोच, मग पूल नाही. समुद्र ओलांडायचा असतो, तर तो आटूनच जातो आणि आपण तळावरून चालत निघतो. मुख्य नकाशा म्हणजे खरोखरच टेबलावर मांडलेला पट. आपलं पात्र मोठ्या डोक्याच्या बाहुलीसारखं त्यावर तुरुतुरु चालतं आणि वाटेत एक भलामोठा चीज पफ आडवा पडलेला असतो, कारण टिना खेळता खेळता खात होती!

या गेमची पहिली ताकद हीच. बाकीचे लूटर-शूटर जग असं उभं करतात की त्याने स्वतःला फार गंभीरपणे घ्यावं. इथे कुणीतरी सांगतंय म्हणून जग आहे, आणि सांगणारी चुकते, चिडते, हट्ट करते. भाच्याला आणि मला बोलायला विषय तिथूनच मिळायचे. "टिना आत्ता आईसारखी बोलली", "हा व्हॅलेंटाइन म्हणजे आपले धाकटे काका". (कुणाचे काका ते सांगत नाही. ह. घ्या.)

३. जमेच्या बाजू

बंदुकीच्या जोडीला मंत्र. मूळ 'बॉर्डरलँड्स'मध्ये हातबाँब मोजून असायचे. इथे त्यांच्या जागी मंत्र आलेत आणि ते वापरले की थोड्या वेळाने आपोआप परत तयार होतात. त्यामुळे "जपून ठेवू, पुढे लागेल" ही आपली मध्यमवर्गीय सवय आड येत नाही. उल्का पाडा, बर्फ उडवा, पुन्हा पाडा. हातघाईसाठी कुऱ्हाडी-तलवारीही पहिल्यांदाच वेगळी लूट म्हणून आल्या. बंदुकांमध्ये गंमत आहेच: एका कंपनीची बंदूक गोळ्या संपल्या की फेकून मारायची, दुसरीची कधी भरावीच लागत नाही पण तापते, आणि काही बंदुकांतून गोळीऐवजी बाण सुटतात.

दोन वर्गांची भेळ. सुरुवातीला सहा वर्ग होते: बर्फाळ कुऱ्हाडीने तुटून पडणारा, पिल्लू ड्रॅगन घेऊन फिरणारा, स्वतःचं रक्त आटवून काळी जादू करणारा, मंत्र आणि बंदूक दोन्ही चालवणारा, चालत्या-बोलत्या अळंबीचा दोस्त असलेला धनुर्धर, आणि अदृश्य होऊन पाठीत सुरा घालणारा. सातवा ऑगस्ट २०२२ मध्ये पुरवणीतून आला. गोष्टीत थोडं पुढे गेलं की दुसरा वर्गही निवडता येतो आणि दोघांचे गुण एकत्र होतात. भाच्याने सुरा आणि बर्फ घेतला. मी अळंबी आणि पिल्लू ड्रॅगन. म्हणजे लढाई सोबतच्या प्राण्यांनी करायची आणि मी मागून सूचना द्यायच्या. त्याचं म्हणणं, हे मला घरीच शिकायला मिळालंय.

एकत्र खेळण्याची सोय. यासाठी मात्र पैकीच्या पैकी. चार जणांपर्यंत मिळून खेळता येतं, आणि पहिल्या दिवसापासून पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांची सरमिसळ चालते. फक्त प्रत्येकाला शिफ्ट नावाचं फुकट खातं उघडावं लागतं. तो पीसीवर, मी प्लेस्टेशनवर, काही अडलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लूट प्रत्येकाला स्वतंत्र मिळावी आणि शत्रू प्रत्येकाच्या लेव्हलप्रमाणे जड-हलका व्हावा, असं ठरवता येतं. तो परीक्षा संपल्यावर आठवडाभर एकटाच खेळला आणि माझ्या बारा लेव्हल पुढे गेला, तरी शनिवारी आम्ही एकाच दारातून आत जाऊ शकलो. ज्यांना भांडायचंच आहे त्यांच्यासाठी सामायिक लुटीचा पर्यायही आहे. ज्या घरात दोन भावंडं आहेत त्यांनी तो बंद ठेवावा.

एका घरात असाल तर कन्सोलवर पडदा विभागून शेजारी शेजारी बसूनही खेळता येतं. ही सोय हल्ली कमी गेम देतात.

वयाचा शिक्का. 'बॉर्डरलँड्स'चे मुख्य भाग अमेरिकेत 'एम', म्हणजे सतरा आणि पुढे. हा 'टी', म्हणजे तेरा आणि पुढे. रक्त-मांस बरंच आवरलंय. आचरट विनोद मात्र भरपूर आहे. राणीचं नावच 'बट स्टॅलियन', आणि ती एक हिरकणीची युनिकॉर्न घोडी. आठवीतल्या मुलाला हसू येईल, आजीला समजावून सांगायला जाऊ नका.

आडवाटेच्या गोष्टी. मुख्य कथेच्या बाजूला जी लहान कामं मिळतात, त्यांत लिहिणाऱ्यांनी मनापासून मजा केलीय. डोंगरावरचे गोब्लिन संप करायचं ठरवतात आणि आपण त्यांची पोस्टरं लावत हिंडतो. आर्थर राजाच्या गोष्टीची टवाळी आहे, 'मंकी आयलंड' या जुन्या चाचेगिरीच्या गेमची आहे, निळ्या स्मर्फांची आहे. आम्ही गिरणगावाच्या गोष्टी ऐकत वाढलेली पिढी, त्यामुळे गोब्लिनांच्या संपावर माझं आणि भाच्याचं चांगलं तासभर बोलणं झालं. त्यात लढाई दहाच मिनिटांची होती.

४. उण्या बाजू

पटावरचं गवत. नकाशावर उंच गवतातून चाललं की अचानक शत्रू उपटतो. तो जवळ येताच ठोसा मारला तर सुटका, नाहीतर छोट्या रिंगणात नेऊन तीच लढाई. पहिल्या पाच वेळा मजा येते. विसाव्या वेळी, दूध उतू जायच्या आत संपवायचं असताना, येत नाही. रिंगणांची ठेवण पुन्हा पुन्हा तीच, आणि सांगाडे तर इतके की स्मशानच रिकामं केलंय की काय असं वाटावं.

न थांबणारी बडबड. टिना बोलते, व्हॅलेंटाइन बोलतो, फ्रेट टोकते, ड्रॅगन लॉर्ड वरून टोमणा मारतो. आणि त्याच वेळी भाचा सांगत असतो की मेसमध्ये काय झालं. संवादाचा आवाज कमी करावा तर गोष्ट जाते, ठेवावा तर माणूस जातो. आम्ही गोष्टीच्या ठिकाणी गप्प बसायचं आणि गवतात गप्पा मारायच्या असं ठरवलं. म्हणजे गवताचा तेवढा उपयोग झाला.

आकड्यांची वाणसामान यादी. वीस मिनिटं खेळलं की पाठीवरची पिशवी भरते. मग दहा मिनिटं "हिचा मारा ४१२, तिचा ३९८, पण ती विषारी" असली तुलना. त्यातही एकाने यादी उघडली की दुसऱ्याने ताटकळायचं. लूट हा गेमचा प्राण म्हणावा, तर प्राणापेक्षा पिशवी जड होते.

नशिबाचे फासे. ठिकठिकाणी सोन्याचे वीसबाजू फासे लपवलेत. सापडला की तो पडतो, जेवढा आकडा तेवढी लूट, आणि प्रत्येक फाशाने आपलं 'नशीब' कायमचं थोडं वाढतं. कल्पना गोड आहे, शोधायला मजाही येते. पण चांगली लूट हवी असेल तर कोपरा न् कोपरा धुंडाळणं भाग पडतं आणि गोष्ट तिष्ठत उभी राहते.

अंतर. गेम खेळणाऱ्यांपैकी ज्याने सुरू केला त्याच्या यंत्रावर चालतो. मी सुरू केला तर माझ्याकडे सगळं लोण्यासारखं आणि पुण्यात शत्रू उड्या मारत पुढे-मागे. त्याने सुरू केला तर उलट. हा दोष निम्मा पृथ्वीच्या आकाराचा आहे, पण इतक्या लांबून खेळणाऱ्यांनी तो धरूनच चालावं. आम्ही आळीपाळीने यजमान होतो.

५. गोष्ट संपल्यावर

आता खरी अडचण. मुख्य गोष्ट आम्ही गप्पांसकट पंचवीस-एक तासांत संपवली, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे शनिवार. शेवट मला मनापासून आवडला. ड्रॅगन लॉर्ड हा नुसता खलनायक नाही, हे हळूहळू उलगडतं. एकेकाळी टिनाच्याच कल्पनेतला तो नायक. तिनेच पुढे त्याला वाईट ठरवून टाकलं. त्याची तक्रार एकच: "मला असं कुणी बनवलं, आणि मला विचारलं का?" पात्राने गोष्ट सांगणाऱ्याकडे हिशोब मागायचा, ही बंदुकांच्या गेममध्ये अपेक्षा नसलेली गोष्ट. तो भाग संपल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "मावशी, ब्रँच बाबांनी ठरवली होती." त्यावर मी काय म्हणाले ते आमच्या दोघांत राहू द्या. पण हे फोनवर कधीच निघालं नसतं, एवढं नक्की.

जाणकार सांगतील की टिनाची सगळ्यांत भावस्पर्शी गोष्ट ही नव्हे. ती २०१३ मध्ये 'बॉर्डरलँड्स २'च्या पुरवणीत, 'असॉल्ट ऑन ड्रॅगन कीप'मध्ये येऊन गेली. तिथे टिना असाच पट मांडते, आणि मेलेल्या रोलँडला पुन्हा पुन्हा गोष्टीत आणते, कारण तो गेला हे तिला मान्य करायचंच नसतं. बरोबर आहे, ती जास्त खोल जाते. 'वंडरलँड्स' त्या उंचीला शेवटच्या तासातच पोचतो. मधला बराच काळ नुसती थट्टा. ती पुरवणी नोव्हेंबर २०२१ पासून स्वतंत्रपणे विकत मिळते. ज्यांना प्रकार चाखून बघायचाय त्यांनी तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.

तर गोष्ट संपली. पुढे काय? 'केऑस चेंबर'. एकामागून एक खोल्या, प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमाने. शत्रू मारा, वाटेत शाप किंवा वरदान निवडा, शेवटी राक्षस, आणि जमलेले स्फटिक वाहून हव्या त्या प्रकारची लूट मिळवा. मग काठिण्य एक पायरी वाढवा आणि परत तेच. यंत्र म्हणून हे उत्तम चालतं. एकट्याने, कामावरून आल्यावर, डोकं बंद करून अर्धा तास खेळायला झकास. आधीच्या भागांतली दुसऱ्यांदा, जास्त कठीण करून, सगळी गोष्ट खेळायची सोय मात्र इथे काढून टाकली.

आमचं काय झालं ते सांगते. पहिले दोन शनिवार छान गेले. तिसऱ्या शनिवारी मला जाणवलं की चाळीस मिनिटांत आम्ही फक्त आकडे बोललो. "तुला किती मिळालं?" "४० लेव्हलची आहे का?" "विकून टाक." टिना अजूनही ओरडत होती, पण सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं आणि आमच्याकडेही. चौथ्या शनिवारी त्याला सबमिशन होतं. पाचव्याला मला. तुम्हाला ही पायरी ओळखीची असेल. दर रविवारच्या फोनचं असंच होतं.

चार पुरवण्या आल्या, एप्रिल ते ऑगस्ट २०२२ च्या दरम्यान. प्रत्येकीची सुटी किंमत अमेरिकेत दहा डॉलरच्या घरात. पहिली आम्ही उत्साहाने घेतली आणि आमची फेरी तासाभरात आटोपली. पुढे तोच राक्षस जास्त बळकट होऊन परत. तो फार सभ्यपणे म्हणाला, "मावशी, पुढची नको घेऊ." कॉलेजातल्या मुलाने नको म्हणणं हेच माझ्या मते परीक्षण. चौथीत तो सातवा वर्ग आहे, एवढं तिच्या बाजूने. गोष्ट हवी म्हणून घेणाऱ्यांनी या पुरवण्यांच्या वाटेला जाऊ नये.

इथेच मला या गेमचा, आणि खरं तर या सगळ्या प्रकाराचा, मर्म सापडतो. लुटीचं चक्र तेच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पण पट मांडणारी जोवर गोष्ट सांगत होती तोवर लूट प्रसादासारखी होती, कार्यक्रम झाल्यावर हातावर पडणारी. ती थांबली आणि प्रसादाची रांग तेवढी उरली. त्या रांगेत स्किनरची कबुतरं खुशीने उभी राहतील. भेटायला आलेली माणसं पांगतात.

६. मग घ्यावा की नाही?

मुलं तेरा-चौदाच्या पुढची असतील आणि तुम्ही अधूनमधून शेजारी बसणार असाल: घ्या. फक्त मूळ गेम घ्या, सगळ्या पुरवण्यांची महागडी पेटी नको. आला तेव्हा साठ-सत्तर डॉलरला होता. आता सेलची वाट बघायला काहीच हरकत नाही.

मूल एकटंच दार लावून खेळणार असेल: गोष्ट संपेपर्यंत बिनघोर राहा. नंतर लक्ष ठेवा. "आज काय झालं गेममध्ये?" असं विचारा. उत्तरात गोष्ट आली तर ठीक, नुसते आकडे आले तर दुसरा गेम शोधायची वेळ झाली.

भावंडं, भाचरं, जुने मित्र दुसऱ्या देशात आहेत आणि फोनवर बोलणं आटलंय: त्यांच्यासाठी तर नक्की. पण पहिल्याच दिवशी ठरवून टाका की गोष्ट संपली की हा गेम संपला. लगेच पुढचा निवडा. नारिंगी बंदुकीच्या आशेवर भेटी टिकत नाहीत.

आम्ही शेवटी तेच केलं. एका शनिवारी मीच फोन करून म्हटलं, की पिशवीतलं सगळं विकून टाक, नवीन काहीतरी शोधू. त्याने कोड्यांचा, दोघांनीच खेळायचा एक गेम काढला. त्यात एक बंदूक नाही, एक नाणं नाही, आणि मला तो अजिबात जमत नाही. ब्रँचचं अजून ठरायचंय, बाबांशी एकदा बोलणं झालंय. शनिवार चालू आहेत.

तुमच्यापैकी कुणी घरच्यांबरोबर असं लांबून काही खेळत असाल तर जरूर कळवा, बैठे खेळ, पत्ते, बुद्धिबळ काहीही चालेल. चार-पाच पत्रं आली तर पुढच्या वेळी त्यांचीच यादी देईन.

कळावे, लोभ असावा.

ता. क. शत्रूला ठोसा मारून गवतातली लढाई टाळता येते, हे आम्हाला अकराव्या तासाला कळलं. तुमचे तेवढे तास वाचले तर या पत्राचं सार्थक झालं असं समजेन. :-)